एकच वाट, वेगळा ठणका
(शरीर समजून घेताना : लेखांक ५)

दुखण्याचा संदेश मेंदूपर्यंत कसा पोचतो, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज माणसामाणसांतला फरक पाहू.

यवतचा मुक्काम आटोपून तुकोबांची पालखी वरवंडकडे निघते ती भांडगाववरून. आदल्याच दिवशी लोणी काळभोर ते यवत ही लांबची मजल झालेली असते. रस्त्याकडेला वारकऱ्यांचे पाय चोळणाऱ्या, फोडांना मलम लावणाऱ्या सेवेकऱ्यांना हा फरक दिसतोच. एकाच दिंडीतले, एकाच वयाचे, धडधाकट दोघे. एकाला टाच टेकवत नाही, दुसऱ्याला तेवढाच फोड, तरी तो म्हणतो, "काही नाही, चालतंय." दोघंही खरंच सांगत असतात.

प्रयोगशाळेत हे बर्फाच्या पाण्यात हात बुडवून मोजतात. दुखायला कधी लागलं आणि हात कधी बाहेर काढावाच लागला, अशा दोन नोंदी घेतात. जुळ्यांवरच्या २००८च्या अभ्यासात, गारठ्याच्या वेदनेतला माणसामाणसांतला सुमारे ६० टक्के फरक आनुवंशिक निघाला, उष्णतेच्या वेदनेत मात्र सुमारे २६ टक्केच. म्हणजे थंडीला खंबीर असलेला माणूस चटक्यालाही खंबीर असेलच असं नाही. स्त्रियांना सरासरीनं थोडं लवकर दुखतं, पण सरासरीवरून समोरच्या बाईचं दुखणं ठरवता येत नाही.

झोपेचा परिणाम मोठा. नॉर्वेतल्या ट्रोम्सो इथं दहा हजारांहून अधिक लोकांची अशीच चाचणी झाली (निष्कर्ष २०१५मध्ये प्रसिद्ध). निद्रानाश असलेल्यांनी हात लवकर बाहेर काढला. तंबूत पावसानं रात्र जागून काढलेल्याचा पाय सकाळी जास्त ठणकला, तर त्याला नाजूक म्हणू नये.

संस्काराचंही तसंच. २०००च्या एका अभ्यासात भारतीय विद्यार्थ्यांनी अमेरिकी विद्यार्थ्यांपेक्षा जास्त वेळ वेदना सोसली, आणि दुखणं उघड दाखवणं त्यांना कमी प्रशस्त वाटत होतं. मला याचा अभिमान वाटत नाही. दुखणं अंगावर काढायच्या याच सवयीनं आपल्याकडे, विशेषतः बायका, दवाखान्यात उशिरा पोचतात.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांवरचा प्रयोग. तोच व्यायाम, तेवढाच वेळ. एकदा एकट्यानं, एकदा सगळ्यांनी एका लयीत. नंतर दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून वेदना मोजली, तेव्हा एकत्र व्यायाम केल्यावर ती उशिरा जाणवली. शरीरातली एंडॉर्फिनं, म्हणजे वेदना शमवणारी नैसर्गिक द्रव्यं, एका लयीतल्या हालचालीनं अधिक स्रवत असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे. टाळ-पखवाजाच्या ठेक्यावर पावलं टाकणाऱ्या दिंडीतही हेच घडत असावं, असं मला मनापासून वाटतं. मागे पडून एकट्यानं चालणाऱ्याला तेवढंच अंतर जड जातं, त्याला आधी गाठून सोबत द्यावी.

सेवेकऱ्यांना एक विनंती. मधुमेह असलेल्या वारकऱ्याला फोड येऊनही काहीच दुखत नसेल, तर त्याचा पाय सर्वांत आधी पाहा. तो सोशिकपणा नसून मज्जातंतू बधिर झाल्याची खूण असू शकते. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.