एका ओळीचे चंदावरकर

‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाला ५० वर्षं झाली तेव्हा हाताला लागलं ते सगळं वाचून काढलं. लेखक तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, नट मोहन आगाशे यांच्यावर पानंच्या पानं. संगीतकार भास्कर चंदावरकरांच्या वाट्याला मी वाचलं त्यात बहुतेक ठिकाणी एक ओळ. तो राग अजून गेलेला नाही.

जन्म १९३६चा, सतारीची तालीम रविशंकरांकडे, पुढे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन. हे कुठेही सापडेल. मला बोलायचंय सत्तरच्या दशकाबद्दल. तेव्हा मी माझ्या गावाहून, बेडशाहून, पुण्यात शिकायला आलो होतो आणि तिकिटापुरते पैसे जमले की नाटकाला पळत होतो.

१६ डिसेंबर १९७२ला भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम’चा पहिला प्रयोग झाला. १९ प्रयोगांनंतर ते करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने (पीडीए) नाटक थांबवलं. बाहेर पडलेल्या मंडळींनी मार्च १९७३मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि १९७४मध्ये ते पुन्हा उभं केलं. मी पाहिलं ते त्यानंतर. बाहेर सगळी भांडणं नाटकातल्या पेशवाईच्या नाना फडणवीसांच्या अब्रूवरून. आत ब्राह्मणांची रांग डुलत देवाचं नाव घेतेय आणि तिच्या आडोशाला नको ते चाललंय. आमच्या गावच्या सप्त्यात पखवाज-टाळावर ऐकलेलं भजन इथे पापाला पाठीशी घालत होतं. कीर्तन चालता चालता लावणीत शिरायचं आणि पोटात गोळा यायचा. नानांची बदनामी झाली म्हणून ओरडणाऱ्यांनी जरा कान दिला असता तर कळलं असतं, घाव नानांवर नव्हताच. तो आपल्या टाळ्या वाजवणाऱ्या भक्तीवर होता. आणि त्यातला निम्मा संहितेत नाही, चालीत आहे.

मग ‘सामना’ चित्रपट आला. आरती प्रभूंचे शब्द, रवींद्र साठ्यांचा आवाज. त्यातलं ते गाणं आजही मैफलीत कुणीतरी गातं. चाल कुणाची, विचारा, आणि गंमत बघा. पुढचे ‘खंडहर’, ‘श्वास’ वगैरे चित्रपट जाणकार सांगतील. जुलै २००९मध्ये चंदावरकर गेले.

आता बऱ्याच नाटकांचं संगीत पेन ड्राइव्हमधून येतं. नट अडखळला तरी ट्रॅक पुढे धावतो. गावातही तेच: पवनेच्या काठी पर्यटकांचे तंबू पडल्यापासून शनिवारी रात्री आमच्याकडे डीजे असतो, आणि भजन लवकर आटोपतं.

हौशी मंडळींना ‘घाशीराम’ करावंसं वाटतं, जरूर करा. फक्त वादक समोर बसवा. आणि जाहिरातीत चंदावरकरांचं नाव तेंडुलकरांच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापा.