दाणा मोठ्यांचा, किडा पिल्लांचा

ज्वारीच्या दाण्यात प्रथिने साधारण 10 टक्के. वाळलेल्या नाकतोड्यात ती 60 टक्क्यांच्या आसपास भरतात. टर्कीच्या नवजात पिल्लाला आहारात सुमारे 28 टक्के प्रथिने लागतात. नुसत्या दाण्यावर ते वाढणारच नाही. म्हणून अमेरिकेतील रानटर्कीची पिल्ले सुरुवातीचे आठवडे मुख्यतः किड्यांवर जगतात. त्यांतली निम्म्याहून अधिक बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच दगावतात, कारण तोवर त्यांना नीट उडता येत नाही. किडे विरळ असले की पिल्लाला जास्त भटकावे लागते आणि तेवढेच ते शिकाऱ्यांच्या नजरेत येते.

आपले मोर आणि तितर टर्कीच्याच कुळातले; त्यांच्या पिल्लांनाही किडेच लागतात. नागपूरच्या मिहान औद्योगिक प्रकल्पाचा पसारा चार हजार हेक्टरांहून मोठा आहे. बांधकाम सुरू होईपर्यंत रिकाम्या प्लॉटवर पावसाळ्यात गवत माजते, त्यात नाकतोडे आणि अळ्या वाढतात. लांडोर साधारण 4 ते 6 अंडी घालून 28 दिवस उबवते; पिल्ले बाहेर पडतात तीही पावसाळ्यातच. नेमके तेव्हा गवत सरसकट कापले किंवा तणनाशक मारले, तर पिल्लांचे ताटच उचलले जाते.

तणनाशक किड्यांना थेट मारत नाही, मग त्याला दोष का? इंग्लंडमधल्या ससेक्समध्ये 1968 पासून करड्या तितरांच्या नोंदी ठेवल्या जात आहेत. तिथल्या अभ्यासातून दिसले ते असे: तण गेले, तणावरचे किडे गेले, मग पिल्ले गेली. शेताच्या कडेची जेमतेम 6 मीटरची पट्टी फवारणीविना ठेवली, तेव्हा जास्त पिल्ले तगली.

‘मोर तर वाढलेत’ हे खरेच आहे. 2023 च्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीच्या अहवालात मोरांची वाढ 150 टक्क्यांहून अधिक आहे. पण मोर संरक्षित आणि सर्वभक्षी. त्याच अहवालात दीर्घकालीन कल कळलेल्या 338 जातींपैकी 204 घटल्या आहेत. मोराच्या आकड्यावर माळाची तब्येत ठरवणे मला धोक्याचे वाटते. मोजायचे असेल तर सप्टेंबरअखेर एका तितरजोडीमागे किती पिल्ले उरली, ते मोजावे. आणि रस्त्याकडेचे गवत खुशाल कापावे. प्लॉटच्या आतले ऑक्टोबरपर्यंत राहू द्यावे.