शिडावरून आलेले पाहुणे आणि जुन्नरची पंगत

शिडाच्या बोटीतून परदेशी जायचे म्हटले की आपल्याला लाटा नि वादळेच आठवतात. पण बोट बंदराला लागली म्हणजे खरी गंमत सुरू होते, नाही का? परका गाव, परकी चूल, आणि कुणाच्या तरी ओसरीवर बसून खाल्लेला पहिला घास! २०१७ च्या सप्टेंबरात गोव्याहून निघालेल्या ‘तारिणी’वर नौदलाच्या सहाजणी होत्या. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ले, केप टाउन अशी बंदरे घेत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून मे २०१८ मध्ये त्या परतल्या. आपण त्यांचे कौतुक केलेच. पण शिडाच्या वाटेने आपल्याकडे जे आले त्यांची आठवण कुठे सापडते, सांगू? समुद्रापासून दूर, आपल्या जुन्नरला.

दोन हजार वर्षांपूर्वी मिसर देशाच्या बंदरांतून जहाजे जुलैच्या सुमारास निघत आणि नैर्ऋत्येचा वारा पाठीशी घेऊन आपला किनारा गाठत. परतायचे तर वारा फिरायला हवा, आणि तो फिरतो हिवाळ्यात. म्हणजे पाहुणा चांगला दोन-तीन महिन्यांचा! (जावई इतका राहिला तर आपण काय म्हणू, ते जाऊ द्या.) सोपारा, कल्याणला येणारा-जाणारा माल नाणेघाटातून जुन्नर आणि पुढे पैठणशी जोडलेला असे. घाटाच्या माथ्यावरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा शिलालेख आहे. त्यात यज्ञ आणि त्यांच्या दक्षिणा नोंदल्या आहेत : गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या आपणा बायकांनी तो एकदा बघावाच.

आता खरी गोष्ट. जुन्नरभोवतीच्या लेण्यांत ‘यवन’ म्हणवणाऱ्या तिघांचे लेख आहेत. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडचे लोक. ते किंवा त्यांचे वाडवडील या व्यापारामुळेच इकडे आले असावेत, असा तर्क आहे. एकाचे नाव इरिल. त्याने भिक्षुसंघाला पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, खोदून दिली. दुसरा चिट. त्याने शिवनेरीच्या डोंगरात दिला भोजनमंडप. तिसरा चंद, त्याने मानमोडीच्या डोंगरातल्या लेण्याचा दर्शनी भाग करून दिला. तिसऱ्याचे ठीक आहे, शोभेची भेट कुणीही देतो. पण पाणी आणि जेवायला बसायची जागा! हे ज्याला सुचले त्याने इथले उन्हाळे पाहिले असणार आणि इथल्या पंगतीला तो बसला असणार, असे आपले मला वाटते.

पाहुणे आजही येतात. २०१८ साली शासनाने जुन्नर हा पर्यटन तालुका जाहीर केला, आणि आता शहरातली कुटुंबे सुट्टीला शेतावर, गावातल्या घरी उतरतात. जुन्नर-आंबेगावात गेलात की मासवडी हवीच. पण मैत्रिणींनो, दारात उतरल्या उतरल्या “मासवडी होईल ना हो?” असे विचारू नका. तीळ, खोबरे भाजायचे, कांदा-लसणाचे सारण करायचे, बेसन घाटायचे, वर झणझणीत रस्सा आणि प्रत्येकाला गरम बाजरीची भाकरी. दुपार जाते त्या माउलीची. आदल्या दिवशी कळवा, माणसे नेमकी सांगा.

घाटघर किंवा भीमाशंकरच्या बाजूला उतरलात तर पाण्याकडे लक्ष असू द्या. पावसाळ्यात तिथे धो धो कोसळते, पण कातळावर पाणी टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये तुम्ही अंघोळीला घेतलेली बादली कुणीतरी डोक्यावरून आणलेली असू शकते. पैसे ठरले असतील ते जिने रांधले तिच्याच हाती द्या. घरचे तांदूळ, नाचणी विकायला असेल तर घ्या, आणि घासाघीस करू नका. भाजीवालीशी करतो तेवढी पुरे!

आणि ती वेळेत असली तर चुलीपाशी बसून मासवडी शिकून घ्या. ओल्या फडक्यावर घाटलेले बेसन गरम असतानाच थापायचे, सारण पसरायचे आणि फडक्यासकट वळायचे. फडके कोरडे राहिले की चिकटलेच म्हणून समजा.