लहर कुणाची, कहर कुणावर?



गेल्या वर्षी एका बचत गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. हजेरी घेताना एकीचं नाव आलं, तशा दोघी-तिघी एकदम म्हणाल्या, "ती होय? लहरी आहे. आली तर आली, नाही तर नाही." तो शब्द आमच्या मनात घोळत राहिला. आज त्याच्याबद्दलच बोलू या.

लहर म्हणजे पाण्याची लाट. शब्द संस्कृतातला. लाट कधी उठेल, किती उंच जाईल, सांगता येत नाही. मनाचंही तसंच, म्हणून असा माणूस लहरी. गंमत अशी, की शेजारच्या भाषांनाही हेच सुचलं. मुंबईत गिरगावला मराठी चाळींच्या शेजारी गुजराती घरं आहेत. गुजरातीत अशा माणसाला 'तरंगी' म्हणतात. तरंग म्हणजेही लाटच. परळ-लालबागच्या गिरण्यांत कोकणातल्या, घाटावरच्या माणसांबरोबर उत्तरेकडचे कामगारही होते. त्यांच्या हिंदीत शब्द 'मनमौजी'. त्यातला 'मौज' अरबीतून आला, आणि अरबीत त्याचा अर्थ पुन्हा लाट!

दूरच्या देशांत वेगळं सुचलं. जर्मन लोक लहरीला 'लाउनं' म्हणतात. तो शब्द चंद्राच्या जुन्या लॅटिन नावावरून, 'लूना'वरून आला. अवस-पुनवेला डोकं फिरतं, असं आपल्याकडेही म्हणतातच की! इटलीत लहरीला 'काप्रिच्चो' म्हणतात. आधी त्याचा अर्थ होता भीतीनं केस उभे राहणं. पुढे लोकांनी त्याचा संबंध 'काप्रा'शी, म्हणजे बकरीशी जोडला. बकरी पाळणाऱ्या बाईला हे समजावून सांगायला नको. आत्ता इथे, तर आत्ता बांधापलीकडे! आणि हल्ली दादरच्या गर्दीत काय, आपल्या एसटीत काय, सगळीकडे एकच शब्द ऐकू येतो, 'मूड'. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ मन असा होता, आणि रागसुद्धा.

लाट, चंद्र, बकरी. यांतलं काहीच माणसाच्या हातातलं नाही. म्हणजे 'त्याची लहरच तशी' असं म्हटलं, की माफीही आपोआप मिळून जाते. पण ही माफी सगळ्यांना सारखी मिळते का? घरातला पुरुष मनाला येईल तसा वागला, तर तो कलंदर, मनस्वी. सून एक दिवस गप्प बसली, तर "हिच्या अंगात आलंय", "नखरे बघा हिचे". वागणं तेच, पण नाव ठेवताना माणूस बघूनच ठेवतो आपण.

आणखी एक शब्दांची जोडी बघा, मर्जी आणि राजी. दोन्ही शब्द एकाच अरबी मुळातून आले, खूश असणं हा त्याचा अर्थ. पण आपल्या बोलण्यात त्यांची वाटणी कशी झाली? मर्जी असते मोठ्याची, आणि राजी व्हायचं असतं धाकट्यानं. मर्जी सांभाळावी लागते. ती खप्पा झाली तर पोटावर येतं.

लालबाग-परळच्या गिरणी कामगारांनी हे रोज अनुभवलं. तुमच्यापैकी कितीतरी जणींचे आजे-सासरे तिथे कामाला असतील. बदली कामगार सकाळी गिरणीच्या दारात उभे राहत. कुणाला आत घ्यायचं, हे जॉबर ठरवायचा. सूत गुंडाळण्याच्या खात्यात बायका असत, तिथे नायकिणीची मर्जी. काम टिकवायला दस्तुरी द्यावी लागे. पुढे १९३५ साली गिरणीमालकांच्या संघानं बदली कामगारांना कार्डं द्यायला सुरुवात केली. कार्ड असेल त्याचा हक्क आधी. त्यानं जॉबरची मर्जी संपली नाही, पण तिला लगाम बसला. का बसला? नियम कागदावर आला म्हणून.

आपल्या गटात आपण ठराव लिहितो, कर्जाचा क्रम लिहितो, तो याचसाठी. अध्यक्षबाई कितीही चांगल्या असोत, पैसे त्यांच्या मर्जीनं मिळता कामा नयेत, नियमानं मिळाले पाहिजेत.

आता त्या 'लहरी' बाईकडे येऊ. गटातल्या दोघी तिच्या घरी गेल्या, तेव्हा उलगडा झाला. सासऱ्यांचं मन चांगलं असेल त्याच दिवशी तिला बाहेर पडता यायचं. म्हणजे लहर सासऱ्यांची, आणि नाव तिला! मग गटानं बैठकीचा वार आणि वेळ पक्की केली, ठरावात लिहिली. बैठकीच्या दिवशी दोघी जणी तिच्या दारात जाऊन उभ्या राहू लागल्या. दारात दोन बायका आल्यावर सासऱ्यांनाही नाही म्हणणं जड जातं. ती प्रत्येक बैठकीला येते असं नाही, पण तिला आता कुणी लहरी म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून ठेवा. एखादीचं वागणं अचानक पालटलं, झोप उडाली, जेवण तुटलं, ती स्वतःशीच बोलू लागली किंवा जीव नकोसा झाला असं म्हणू लागली, तर ती लहर नव्हे आणि अंगात येणंही नव्हे. तो आजार असू शकतो, आणि त्याला औषधोपचार आहेत. तिला दवाखान्यात न्या. सरकारची 'टेलिमानस' ही सेवा १४४१६ या नंबरवर फुकट मिळते, दिवसा आणि रात्रीही. मराठीत बोलता येतं.

पुढच्या बैठकीत एक करा. गावात ज्या ज्या बाईला लहरी, चक्रम, विक्षिप्त म्हटलं जातं, ती आठवा. आणि एकमेकींना विचारा, तिचा दिवस कुणाच्या मर्जीवर चालतो?