पाणी नितळ, मासा सावध

शाळेला सुट्टी लागली की आमच्या घरातील पोरे मोबाईलवर अमेरिकेतील गळवाल्यांचे खेळ बघत बसतात. परवा थोरल्याने विचारले, "हा माणूस डबाभर चकचकीत बनावट मासे बाजूला सारतो आणि चिखलाच्या रंगाचे रबरच गळाला का लावतो?" प्रश्न रास्त होता. आम्ही चौकशी केली, तेव्हा गोष्ट पाण्यापासून सुरू होते असे दिसले.

मिशिगन राज्यात डेट्रॉईट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. त्याच्या उशालाच सेंट क्लेअर नावाचे सरोवर आहे. पलीकडचा काठ कॅनडाचा. सरासरी खोली अवघी ११ फूट. १९८८ साली या सरोवरात झेब्रा शिंपली सापडली. नखाएवढी, पट्ट्यापट्ट्यांची. युरोपाकडून आलेल्या जहाजांच्या तळातील पाण्याबरोबर ती येथे उतरली. एकेक शिंपली दिवसाला सुमारे लिटरभर पाणी गाळते आणि त्यातील सूक्ष्म शेवाळ खाते. अशा कोट्यवधी झाल्यावर पाणी नितळले, तळाशी ऊन पोहोचू लागले, पाणवनस्पती वाढली. पाठोपाठ १९९० मध्ये शेजारच्या नदीत गोबी मासा आढळला. हाही जहाजांतूनच आलेला पाहुणा, आपल्याकडच्या निवटीच्या नात्यातला. बोटभर लांबीचा, तपकिरी, तळाला चिकटून राहणारा. येथील स्मॉलमाउथ बास या माशाला तो भारी आवडला.

थोरल्याच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. बास डोळ्यांनी शिकार करतो. गढूळ पाण्यात त्याला चकाकी आणि आवाज लागतो. नितळ पाण्यात तो आमिष लांबून न्याहाळतो आणि खोटे वाटले की पाठ फिरवतो. म्हणून तेथे साडेतीन-चार इंचांची पोकळ रबरी नळी चालते. पोटात शिसे लावलेला गळ, मागे झालर, रंग हिरवट तपकिरी. ती लांब फेकायची, तळाला टेकू द्यायची आणि हळूहळू ओढायची, की हुबेहूब गोबी! दुकानात मात्र लाल-सोनेरी आमिषेच पुढे मांडलेली असतात. त्यांच्या गळाला आधी गिऱ्हाईक लागते.

दुसरी रीत जपानातून आलेली, 'ड्रॉप शॉट' म्हणतात. शिसे दोऱ्याच्या टोकाला, गळ त्याच्या फूटभर वर. शिसे तळाशी बसते आणि रबराचा छोटा मासा अधांतरी थरथरत राहतो. हात जवळजवळ हलवायचाच नाही. आम्हांला वाटते, गळवाल्याची खरी परीक्षा येथेच होते.

दोऱ्याचेही तसेच. आपला नेहमीचा नायलॉनचा तंगूस पाण्यात उठून दिसतो. फ्लुरोकार्बनच्या दोऱ्यातून प्रकाश जवळजवळ पाण्यातल्यासारखाच वळतो, म्हणून तो कमी दिसतो, शिवाय बुडतो. तो महाग असल्याने शेवटचे काही हात तेवढाच जोडतात. आठ पौंडांच्या ताकदीचा बारीक दोरा पुरतो. मासा मोठा लागला तर ओढाताण न करता त्याला दमवायचे. बोट लांब ठेवायची, आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. आभाळ भरून आले आणि वाऱ्याने पाण्यावर सुरकुत्या पडल्या की बासची नजर अडते. तेवढ्या वेळात चमकते आमिष भरधाव ओढावे. त्याला निरखायला सवडच मिळत नाही आणि तो झडप घालतो.

पकडलेला मासा घरी न्यायचा तर गृहिणीने जाणून घ्यावे असेही काही आहे. माशांत पारा आणि कारखान्यांतील पीसीबी हे रसायन साठते, थोराड माशात अधिक. कातडी व चरबी काढल्याने पीसीबी कमी होते, पारा मात्र मांसातच राहतो. गरोदर स्त्रियांनी व मुलांनी कोणता मासा किती खावा याची पुस्तिका मिशिगन सरकार काढते.

आणि नितळ पाण्याची एक गैरसोयही आहे, ती माशाची. वसंताच्या अखेरीस नर बास तळाच्या गोट्यांत घरटे करतो. मादी अंडी घालून निघून जाते. राखण बाप करतो. त्या दिवसांत तो घरट्याजवळ आलेल्या कशावरही तुटून पडतो, आणि काठावरच्या माणसाला तो स्पष्ट दिसत असतो. त्याला पकडायला ना रंग लागतो ना कौशल्य. सेंट क्लेअरमध्ये जूनच्या तिसऱ्या शनिवारपर्यंत बास घरी नेता येत नाही, पाण्यात सोडावाच लागतो. पण सोडायला दोन-चार मिनिटे जातात, आणि तेवढ्यात आजूबाजूला टपलेले गोबी अंड्यांवर पडतात. जाणते गळवाले घरटे दिसले की बोट वळवतात आणि खोल पाण्याकडे जातात.