'सर्व्हर डाऊन' म्हणजे नेमकं काय होतं? शेतातल्या डीपीवरून समजून घ्या

रेशन दुकानात थंब लागत नाही. सेतू केंद्रात सातबारा निघत नाही. पीक विम्याची शेवटची तारीख आली तरी अर्ज पुढे सरकत नाही. तिन्ही ठिकाणी उत्तर एकच: 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.' उद्या परत येणाऱ्याची मजुरी बुडते, कधी मुदतही निघून जाते. पण सर्व्हर बऱ्याचदा एकदम बंद पडत नाही. आधी काही तास, कधी काही दिवस त्याची लक्षणं दिसत असतात. ती कुणी बघत होतं का, हा खरा प्रश्न.

सर्व्हर म्हणजे लोकांच्या मागणीला उत्तर देणारा, रात्रंदिवस चालू असलेला कॉम्प्युटर. सरकारी कामासाठी एनआयसीची मोठी डेटा सेंटर दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वरला आहेत. आजकाल एक मोठं मशीन एकाच कामाला सहसा जुंपत नाहीत. सॉफ्टवेअरने त्याचे वाटे करतात आणि त्या एका मशीनवर अनेक 'व्हर्च्युअल', म्हणजे आभासी, सर्व्हर चालवतात.

एक डीपी, अनेक मोटारी

शिवारातली डीपी डोळ्यासमोर आणा. रात्रीची लाइट आली की सगळे एकदम मोटारी चालू करतात. तुमची मोटार चांगली, स्टार्टर चांगला, तरी व्होल्टेज पडतं आणि पाणी चढत नाही. कारण भार दुसऱ्यांचा असतो. आभासी सर्व्हरचंही तसंच. त्याच्याकडे काम थोडं असतं, पण खालच्या खऱ्या मशीनचा प्रोसेसर शेजारच्या आभासी सर्व्हरने अडवून ठेवलेला असतो. म्हणून खरं मशीन आणि आभासी सर्व्हर, दोन्हींवर नजर लागते. नुसतं आपल्या स्टार्टरकडे बघत बसून डीपीचा बिघाड सापडत नाही.

ही नजर ठेवण्याच्या कामाला मॉनिटरिंग म्हणतात. नागिओस, झॅबिक्स, प्रोमिथिअस अशी त्यासाठीची सॉफ्टवेअर फुकटसुद्धा मिळतात. प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क किती वापरलं जातंय, याची ती दर काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी नोंद घेतात. ठरवलेली मर्यादा ओलांडली की इंजिनिअरला मेसेज जातो.

यात डिस्क भरणं हे सगळ्यात फालतू कारण, पण नेहमीचं. सर्व्हर प्रत्येक कामाची नोंद फाईलमध्ये लिहीत राहतो. जुन्या नोंदी कुणी काढल्याच नाहीत तर एक दिवस जागा संपते आणि काम अडतं. व्हॉट्सअॅपच्या फोटोंनी फोन भरतो, तसंच. रोज किती जागा भरते हे दिसत असेल, तर ती कधी संपणार हे आधीच सांगता येतं.

८० टक्क्यांनंतर काय होतं?

प्रोसेसर ८० टक्के वापरात आहे म्हणजे २० टक्के शिल्लक, मग काळजी कशाला, असं वाटतं. पण लोक एकसारखे येत नाहीत, झुंडीने येतात. रांगेच्या साध्या गणितानुसार, मोकळ्या सर्व्हरवर एक सेकंद लागणाऱ्या कामाला ५० टक्के भार असताना सरासरी दोन सेकंद लागतात. ८० टक्क्यांना पाच, ९० टक्क्यांना दहा आणि ९५ टक्क्यांना वीस. त्यात पान उघडेना म्हणून आपण पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतो. तेव्हा प्रत्येक वेळी नवी मागणी रांगेत जाते, जुनी तर बऱ्याचदा चालूच असते.

२८ एप्रिल २०२१ ला दुपारी चार वाजता १८ वर्षांवरच्यांसाठी कोविन पोर्टलवर लसीची नोंदणी उघडली, तेव्हा हेच दिसलं. सुरुवातीला अनेकांना पान उघडेना, ओटीपी येईना. नंतर गाडी रुळावर आली आणि त्याच दिवशी एक कोटीहून जास्त लोकांची नोंदणी झाली. अशी गर्दी कधी येणार हे आधी माहीत असतं. खरीप पीक विम्याची मुदत साधारण ३१ जुलैच्या आसपास असते, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. मागच्या हंगामाचे आकडे पाहून वाढीव सर्व्हर आधीच जोडून ठेवता येतात. ते जोडले नसतील, तर त्याला अचानक आलेला बिघाड म्हणता येणार नाही.

दोष कुठे आहे, कसं ओळखायचं?

रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवला की माहिती आधी राज्याच्या यंत्रणेकडे, तिथून आधारच्या सर्व्हरकडे जाते आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. यातला एक दुवा अडला तरी दुकानदार 'सर्व्हर डाऊन' म्हणतो. कित्येकदा सर्व्हर ठीक असतो, गावात रेंज नसते. फोनवर दुसरी एखादी वेबसाइट उघडून बघा. तीही उघडत नसेल तर अडचण बहुधा नेटची आहे. नेट चालू आहे, पण स्क्रीनवर ५०३ आकडा आला, तर सर्व्हरवर जास्त भार आहे किंवा दुरुस्ती चालू आहे. ५०४ आला तर पुढच्या सर्व्हरला मागच्या सर्व्हरकडून वेळेत उत्तर मिळालेलं नाही.

पैसे भरताना पान अडकलं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, आधी खात्यातून रक्कम गेली का ते पाहा. शेवटच्या दिवशी अर्ज अडला तर तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर तो दाखवता येतो.