घराची खिडकी : ती उघडावी कोणत्या रीतीने?

घर बांधणारा गृहस्थ खिडकीचा विचार सामान्यतः दोनच वेळा करतो. प्रथम नकाशा पाहताना, आणि नंतर कारागीर चौरस फुटाचा दर सांगतो तेव्हा. खिडकी कोणत्या भिंतीत असावी, केवढी असावी, तिला लाकूड लावावे की ॲल्युमिनियम, यावर घरात चर्चा होते. परंतु ती उघडणार कशी, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. तो ठेकेदारावर सोपविला जातो, आणि ठेकेदार आपल्या सोयीचे उत्तर देतो. आमच्या सभासद बंधूंपैकी अनेकांची घरे सध्या नव्याने उभी राहत आहेत. म्हणून या विषयावर आम्हांस जे ठाऊक आहे ते येथे मांडीत आहोत. आम्ही वास्तुशास्त्रज्ञ नव्हे, धान्याचे घाऊक व्यापारी आहोत. तथापि ज्याने चाळीस वर्षे गोदामातील हवा सांभाळली, त्यास खिडकीविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार असावा, असे वाटते.

खिडक्यांचे मुख्य प्रकार तसे थोडेच. बाजूच्या बिजागरीवर दारासारखी उघडणारी झडपांची खिडकी ही आपली जुनी ओळखीची. रुळावर इकडून तिकडे सरकणारी ती सरकती खिडकी. हल्ली नव्या इमारतींत हिचेच राज्य आहे. वरच्या कडेस बिजागरी असून खालून बाहेर ढकलली जाणारी एक असते. आडव्या काचपट्ट्यांची, दांडी फिरवून उघडणारी झिलमिली सर्वांस परिचित आहे. याशिवाय मधल्या कण्यावर फिरणारी, इंग्रजी घरांतील वर-खाली सरकणारी, आणि मुळीच न उघडणारी बंद काच असे प्रकार आहेत. पण आपल्याकडे त्यांचा प्रसंग क्वचित येतो, म्हणून त्यांचा अधिक विचार करीत नाही.

प्रथम हिशेब पाहू. राष्ट्रीय इमारत संहितेत असे सांगितले आहे की, कोरड्या उष्ण प्रदेशात खोलीच्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान एकदशांश, मध्यम हवामानात एकअष्टमांश आणि दमट उष्ण प्रदेशात एकषष्ठांश इतकी उघडी जागा खिडक्यांस असावी. खिडकीचा काही भाग कायम बंद असेल, तर उघडणारा भागच हिशेबात धरावा, असेही त्यात म्हटले आहे. आता दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशी खोली घ्या. क्षेत्रफळ 120 चौरस फूट झाले. एकदशांश धरले तर 12 चौरस फूट आणि एकअष्टमांश धरले तर 15 चौरस फूट हवे. या खोलीस चार फूट बाय चार फुटांची, म्हणजे 16 चौरस फुटांची एक खिडकी आहे. ती झडपांची असेल तर संपूर्ण उघडते आणि दोन्ही कसोट्यांस उतरते. तीच दोन काचांची सरकती असेल, तर एक काच दुसरीच्या मागे जाऊन बसते आणि हवेस वाट मिळते ती अवघी 8 चौरस फुटांची. पैसे 16 फुटांचे दिले, माल 8 फुटांचा मिळाला! मंडईत कोणी असे माप दिले असते तर आपण काटा तपासावयास लावला असता. तीन रूळ व तीन काचा घेतल्यास दोनतृतीयांश भाग उघडतो. परंतु बहुतेक ठिकाणी तिसऱ्या रुळावर डासांची जाळी बसविलेली असते, आणि हिशेब पुन्हा निम्म्यावर येतो. जाळीने वारा अडतो तो आणखी वेगळाच.

हा केवळ कागदी हिशेब नव्हे. आमच्या वडील बंधूंचे घर एका ठेकेदाराने बांधले. नकाशात झडपा दाखविल्या असता त्याने कोणास न विचारता घरभर सरकत्या खिडक्या बसवून टाकल्या. आमच्या मातोश्रींची खोली पश्चिमेस होती. त्यांना दम्याचा विकार. वैशाखात त्या रात्री-रात्री उशाशी बसून राहत, खिडकीस हात लावून म्हणत, “अरे, ही उघडली आहे की नाही?” पुढे बंधूंनी ती खिडकी काढून तेथे दोन झडपांची बसविली व समोरच्या भिंतीत वर एक लहान झरोका पाडविला. त्यानंतर त्या निदान पहाटेपर्यंत आडव्या होऊ लागल्या. विकार औषधाने आटोक्यात राहतो, खिडकीने नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु वृद्ध माणसास श्वासापुरती हवा मिळणे ही काही लहान गोष्ट नाही.

माळव्याच्या रात्री थंड असतात, हा आपल्या प्रदेशाचा जुना लौकिक आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा 40 अंशांवर गेला तरी पहाटे तो 25 च्या आसपास उतरतो. म्हणून येथे खिडकीने दोन परस्परविरुद्ध कामे करावयाची असतात : दिवसा घट्ट मिटून राहणे आणि सूर्यास्तानंतर पूर्ण उघडणे. या दोन्ही कामांत झडप सरस ठरते. ती मिटली की चौकटीवर चारही बाजूंनी दाबून बसते. सरकत्या खिडकीस सरकण्यापुरती फट ठेवावीच लागते. ती फट केसाळ पट्टीने भरलेली असते, आणि ती पट्टी चार-सहा वर्षांत झिजते.

गोदामातही आम्ही हेच करतो. बाहेर हवा कोरडी असेल तेव्हा वरचे झरोके उघडावयाचे, आणि पावसाळी दमट दिवशी ते मिटून घ्यावयाचे. नाहीतर गव्हास ओल लागते. दिवसभर उघडे ठेवलेले गोदाम आणि दिवसभर बंद ठेवलेले गोदाम दोन्ही सारखीच वाईट.

दिशांचाही थोडा विचार हवा. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिम व वायव्येकडून येतो, पावसाळ्यात नैर्ऋत्य व पश्चिमेकडून, आणि हिवाळ्यात उत्तर व ईशान्येकडून. पावसाची झड म्हणून पश्चिम व दक्षिण भिंतीवर अधिक बसते. कर्कवृत्त आपल्या थोडेसेच उत्तरेस असल्याने जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. दक्षिणेच्या खिडकीस दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो, पश्चिमेच्या खिडकीस कोणताही छज्जा पुरत नाही. तेथे बाहेरून झडप किंवा चीक लागते. मात्र सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या आपल्या घरांत स्वयंपाकघरास पश्चिमेचा शेवटचा उजेड मिळावा, अशी गृहिणींची मागणी असते, आणि ती रास्त आहे. तेथे ओट्यावर वरून बिजागरी असलेली खिडकी उत्तम. पाऊस येत असतानाही ती थोडी उघडी राहू शकते, आणि फोडणीचा धूर वरच्या वर निघून जातो. न्हाणीघर व जिना यांसही तीच. झिलमिली स्वस्त खरी, परंतु ती कधीच पुरती मिटत नाही, आणि चोराने काचपट्ट्या एकेक करून काढल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

झडप कोणत्या बाजूस बिजागरी लावून बसवावी, हे फार थोडे लोक सांगतात. वारा भिंतीच्या कडेने वाहत असेल, तर बाहेर उघडणारी झडप पंखासारखी पुढे येते. बिजागरी वारा जिकडे जातो त्या बाजूस असेल, तर हा पंख वाऱ्यास अडवून आत घेतो. जिकडून वारा येतो त्या बाजूस असेल, तर तोच पंख वाऱ्यास बाहेर लोटतो. एकाच खिडकीच्या दोन झडपांत दोन्ही प्रकार असतात. वाऱ्याच्या मानाने एक उघडावी, दुसरी लावावी. जुन्या वाड्यांत याहून सूक्ष्म सोय असे. खिडकीस चार झडपा, दोन वर व दोन खाली. खालच्या मिटल्या की रस्त्यावरून आतील माणूस दिसत नाही, वरच्या उघड्या ठेवल्या की उजेड व वारा येतो. आज ही रीत नव्या घरांतून नाहीशी होत आहे, याचे आम्हांस वाईट वाटते. कोणताही चांगला सुतार ती अजून करून देईल.

आता सरकत्या खिडकीच्या बाजूने बोलले पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. अरुंद गल्लीत, सज्जावर, किंवा मुले धावतात अशा ओसरीवर बाहेर उघडणारी झडप म्हणजे कपाळमोक्षाची तयारी. वादळात आकडा निसटला की झडप आपटून काच फुटते. सरकती खिडकी जागा खात नाही, पडद्यास अडत नाही, जाळी सोबत घेऊन चालते आणि सर्वसाधारणपणे दरातही कमी पडते. आमचे वास्तव्य पोलोग्राउंडच्या परिसरात आहे. वीज वितरण कंपनीचे मुख्य कार्यालय, लहानमोठे कारखाने, मालमोटारींची ये-जा; 2017 पासून आपल्या शहराने स्वच्छतेत सलग अनेक वर्षे पहिला क्रमांक पटकावला, तरी धूळ काही पारितोषिक पाहून थांबत नाही. ती सरकत्या खिडकीच्या रुळात साचते. खालच्या रुळास पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती धुळीने बुजली की पहिल्याच मृगाच्या सरीस पाणी घरात येते, आणि दोष मात्र गवंड्यावर जातो. दर पंधरवड्यास कोरड्या कुंचल्याने रूळ झाडावा. मग ही खिडकी निमूटपणे काम देते. दिवाणखान्यास व सज्जास ती घ्यावी, निजावयाच्या खोलीस झडपा घ्याव्यात, असे आमचे मत आहे. गोंगाटाच्या रस्त्याकडेही झडपच बरी, कारण तिचा मिटाव घट्ट असतो.

हवेचा हा आग्रह नवा नाही. प्लेगच्या काळात होळकर दरबारच्या निमंत्रणावरून पॅट्रिक गेडिस हे नगररचनाकार इंदुरास आले. त्यांचा दोन खंडांचा अहवाल 1918 मध्ये प्रसिद्ध झाला. दिवाळीत त्यांनी काढविलेल्या मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची मोठी प्रतिमा होती, आणि त्या निमित्ताने लोकांनी आपापली घरे झाडून स्वच्छ केली. धान्य, उंदीर आणि कोंदट खोली यांचे सख्य आम्हां धान्यवाल्यांना कोणी शिकवावयास नको. गोदामाच्या झरोक्यास बारीक व मजबूत जाळी हवीच.

शेवटी लोखंडी गजांविषयी. खिडकी कोणत्याही रीतीने उघडो, तिच्यापुढे पिंजरा जडविला की माणसास बाहेर पडण्याची वाट बंद होते. 2022 च्या मे महिन्यात याच शहरातील स्वर्णबाग वसाहतीत एका इमारतीत खालच्या वाहनांना लावलेल्या आगीने सात जणांचे प्राण घेतले. जिना धुराने भरला तर माणसाने जावे कोठे? म्हणून प्रत्येक मजल्यावर, निदान एका निजावयाच्या खोलीत, ग्रिलचा एक भाग बिजागरीवर उघडणारा करून घ्यावा. तो माणूस निघेल एवढा असावा, म्हणजे साधारण दोन फूट रुंद व तीन फूट उंच. आतून कडी असावी. कुलूप लावावयाचेच असेल तर किल्ली त्याच खोलीत, लहानांस ठाऊक अशा खुंटीवर टांगावी, तिजोरीत नव्हे. त्या ग्रिलमागे सरकती खिडकी असल्यास ग्रिलचा हा भाग खिडकीच्या उघडणाऱ्या बाजूसमोरच येतो की नाही, हे बसविण्यापूर्वी पाहावे. अनेक घरांत तो नेमका बंद काचेसमोर आलेला आम्ही पाहिला आहे. कारागिरास दर ठरविण्याच्या वेळीच हे सांगितले तर खर्च अल्प येतो. वर्षातून एकदा, दिवाळीची झाडलोट करताना, त्या बिजागरीस तेल द्यावे आणि घरातील सर्वांत म्हाताऱ्या व सर्वांत लहान माणसाकडून ती कडी एकवार उघडवून घ्यावी.